सहा मिलिमीटरचा हिशेब

माझ्या मामांचा एरंडोलला छोटा छापखाना आहे. एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होतं, ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे. त्यामुळे की काय, मामा कागदाच्या बाबतीत भलते हळवे! गॅदरिंगची सर्टिफिकेटं त्यांच्याकडून छापून आणली, नावाची जागा तेवढी कोरी. नावं आम्ही होस्टेलवर टाकणार होतो. वर्डमध्ये स्पेसबार मारून मारून एक नाव रेषेवर आणलं, की पुढचं घसरायचं. २३ सर्टिफिकेटं वाया गेली. पैसे वर्गणीचे. मामा एवढंच म्हणाले, "कागद फुकट येस का रे भाऊ?"

मग प्रिंटरशी त्याच्याच भाषेत बोलायचं ठरवलं. तिचं नाव पीसीएल. ह्यूलेट-पॅकार्डच्या १९८४ च्या पहिल्या लेझरजेटलाही ती समजायची आणि आजही ऑफिसातल्या बऱ्याच लेझर प्रिंटरना समजते. (स्वस्तातल्या काहींना समजत नाही. आधी मॅन्युअल पाहा.)

मित्रांनो, काम साधं वाटतं. पट्टी घेतली. नावाची जागा कागदाच्या डाव्या कडेपासून ८५ मिमी, वरून १४२ मिमी. एका इंचात ३०० ठिपके, म्हणजे १००४ आणि १६७७. एस्केप, तारका, छोटा पी, १००४, छोटा एक्स, १६७७, कॅपिटल वाय, आणि पुढे नाव. शेवटचं अक्षर कॅपिटल, म्हणजे आज्ञा संपली. फाईल कॉपी कमांडने सरळ प्रिंटरला पाठवली. नाव उजवीकडे सरकलंच, शिवाय अर्धा इंच खाली, थेट सहीच्या जागेवर!

रात्रभर डोकं खाजवलं. प्रिंटरचा शून्य कागदाच्या कडेला नसतोच. ए-फोरवर तो डावीकडून ७१ ठिपके आत असतो, म्हणजे ६ मिमी. वरचा समासही अर्ध्या इंचाचा गृहीत धरलेला. समास शून्य केला, १००४ चे ९३३ केले, नाव बरोब्बर रेषेवर बसलं. मराठी नावांनी मात्र पुन्हा घाम काढला. प्रिंटरच्या आतल्या फाँटात देवनागरी नाही आणि जोडाक्षरं त्याला जुळवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक नाव ठिपक्यांचं चित्र करून पाठवावं लागलं.

एका सरांचं म्हणणं, "ड्रायव्हर करतो ना सगळं, हे जुनं कशाला?" निबंध छापायला ड्रायव्हर पुरतो, मान्य. पण आधीच छापलेल्या फॉर्मवर नाव नेमकं कुठे टेकवायचं, ते आपल्यालाच मोजावं लागतं. आणि जुनं कसलं? दुकानातल्या बिलाचा थर्मल प्रिंटरही अशाच एस्केपच्या आज्ञांवर चालतो.

ग्राफिक्सच्या लॅबमध्ये आपण ब्रेझनहॅमने वर्तुळ काढतो. ते स्क्रीनवर पाच पिक्सेल सरकलं तरी जर्नलवर सही मिळते. कागद अशी सही देत नाही. म्हणून माझी मागणी आहे, की त्यातलं एक प्रॅक्टिकल कागदावर घ्यावं. १९९० च्या लेझरजेट थ्रीपासून पीसीएलमध्ये प्लॉटरची एचपी-जीएल/२ ही भाषाही आली. तिच्यात मिलिमीटरला सरळ ४० एकक, २५.४ ने भागायची कटकट नाही. पेन टेकवा, उचला, वर्तुळ काढा, मग पट्टी लावून मार्क द्या. कागद पाठकोरे चालतील. आमच्याकडे २३ शिल्लक आहेत.