महमूदचं नाणं आणि आपली पोरं

वर्गात महमूद गझनवीचं नाव निघालं की काही नजरा हमखास मुस्लिम विद्यार्थ्यांकडे वळतात. जणू सोमनाथची लूट त्यांच्याच दप्तरात ठेवलेली आहे! घरी गेल्यावर एखादे बुजुर्ग उलटंच सांगतात, महमूद तर मोठा गाझी होता. माझ्या मते ही दोन्ही ओझी पोरांच्या डोक्यावरून उतरवायला हवीत. त्या कामी जुनी नाणी उपयोगी पडतात.

सोमनाथवरची स्वारी १०२६ ची. त्यानंतर लगेचच, १०२७-२८ मध्ये, याच महमूदने लाहोरच्या टांकसाळीत चांदीचे दिरहम पाडले. एका बाजूला अरबीत कलमा, दुसऱ्या बाजूला संस्कृत: ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. अल्लाहसाठी ‘अव्यक्त’ आणि रसूलसाठी चक्क ‘अवतार’! आज कुणी असा तर्जुमा केला तर दोन्हीकडचे लोक त्याच्या दारावर जमतील.

पुढे मुहम्मद घोरीच्या सोन्याच्या नाण्यांवर एकीकडे बसलेली लक्ष्मी आणि दुसरीकडे नागरीत त्याचं नाव आलं. बल्बनच्या नाण्यांवरही नागरी अक्षरं आहेत.

मग हे सुलतान सर्वधर्मसमभावी होते का? मुळीच नाही. लोकांनी नाणं घ्यावं म्हणून ते ओळखीचं दिसावं लागतं, इतका साधा व्यवहार त्यांना कळत होता. नाण्यावरचा विश्वास तलवारीने मिळत नाही. मुहम्मद तुघलकाने १३२९ च्या सुमारास चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवून पाहिली. लोकांनी घरोघरी खोटी नाणी पाडली. अखेर ती परत घेऊन त्याला खजिना रिता करावा लागला.

म्हणून ‘बघा, आमचे सुलतान किती उदार!’ असं म्हणत हे नाणं फिरवू नये. त्याने सोमनाथ पुसलं जात नाही. पण मंदिर लुटणारा आणि संस्कृतात कलमा कोरवणारा माणूस एकच होता, हेही लपवू नये. राजे सत्तेसाठी वागले. त्यांचा हिशेब त्यांच्यापाशी.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मला या नाण्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की संस्कृतात उतरल्याने कलमा बाटला नाही आणि कलमा लिहिल्याने संस्कृतही बाटलं नाही. आपल्या पोरांना महमूदची वकिली शिकवू नका, त्याच्यासाठी माफी मागायलाही लावू नका. त्यांना नाणं वाचायला शिकवा, दोन्ही बाजूंनी.