आधी दवाखाना, मग दृष्ट काढा

बाळाला तेल लावताना पोटात एका बाजूला घट्ट गाठ हाताला लागते. सून सांगते, तर घरातल्या म्हणतात, 'जंत असतील, ओवा दे.' पुढे मूल लंगडायला लागतं, डोळ्यांभोवती काळंनिळं दिसतं. मग 'दृष्ट लागली'!

मैत्रिणींनो, हा न्यूरोब्लास्टोमाही असू शकतो. गर्भात ज्या पेशींपासून मज्जातंतू तयार व्हायचे, त्यांतल्या काही अर्धवट राहतात आणि भलत्याच वाढत सुटतात. पुष्कळदा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत. आजार दुर्मीळ, पण होतो तो बहुतेक ५ वर्षांच्या आतल्या मुलांना. गाठ चोळू नका, सरळ बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासणीतून बरंच कळतं. दीड वर्षाच्या आतली मुलं बरी होण्याची शक्यता अधिक. काही तान्ह्यांची गाठ तर आपोआप जिरते.

वस्तीत फिरताना मला चीड येते ती एका प्रश्नाची, 'गरोदरपणी काय खाल्लं होतंस? ग्रहण पाळलं नव्हतंस ना?' अहो, त्या बिचारीचा यात काही दोष नाही! तिला बोल लावण्यापेक्षा तिच्याबरोबर दवाखान्यात जा. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मुलांच्या कॅन्सरचा वेगळा विभाग आहे. पैशांची अडचण असेल तर तिथल्या समाजसेवकांना आधी भेटा.