क्लोरीनचे गणित: 75 टक्के बरोबरच

संपादक महोदय,

क्लोरीनच्या समस्थानिकांवरचे पत्र वाचले. पत्रलेखकांनी 35.45 हे अणुवस्तुमान आणि 35, 37 हे आकडे घेऊन हलक्या समस्थानिकाचे प्रमाण 77.5 टक्के काढले, आणि वर्गात शिकवले जाणारे 75 टक्के चूक ठरवले. त्यांची आकडेमोड बरोबर आहे, घेतलेले आकडे ढोबळ आहेत. 35 आणि 37 हे अणुवस्तुमानांक. प्रत्यक्ष वस्तुमाने 34.969 आणि 36.966. आता 36.966 मधून 35.453 वजा करा, उरतात 1.513. त्याला दोन वस्तुमानांतल्या फरकाने, 1.997 ने भागा. उत्तर 75.8 टक्के. भाजक जेमतेम दोनचा, म्हणून 0.03 ची हयगयही उत्तर दीड टक्क्याने हलवते.

मी मुलांना चार चिठ्ठ्या देतो: तीनवर 35, एकीवर 37. बेरीज 142, सरासरी 35.5. अर्धा अणू कुठून आला, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. गावच्या टाकीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरमधला क्लोरीनही याच मिश्रणाचा.

नववी-दहावीची मुले आपले सदर वाचतात. कृपया हा खुलासा छापावा.

– एक विज्ञान शिक्षक, तुळजापूर, जि. धाराशिव