साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही

पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरचे रस्ते गर्दीने फुलतात. हॉर्न वाजला की आजीची नजर तिकडेच जाते, पाऊल अडखळते. लगेच कुणीतरी म्हणते, "म्हातारीला काही कळत नाही." वॉर्डात असताना आम्हीही घाईत असेच समजून मोकळे व्हायचो.

प्रयोगशाळेत एक साधी चाचणी करतात. पीटर हॅलेट यांनी ती १९७८ मध्ये मांडली. समोर ठिपका चमकतो; त्याच्याकडे न बघता उलट बाजूला बघायचे. ठिपक्याकडे धावणाऱ्या नजरेला कपाळामागचा मेंदू लगाम घालतो. वयाबरोबर निरोगी माणसातही हा लगाम उशिरा बसतो. मेंदू सावकाश झाला, निकामी नाही.

या चाचणीला अक्षरओळख लागत नाही. कागद-पेन्सिलच्या चाचणीत मात्र शाळा न पाहिलेली माणसे मागे पडतात. ज्यांना शाळाच नाकारली, त्यांनाच आता बुद्धी नाही म्हणायचे?

पण जवळच्यांची नावे, स्वतःचे घर विसरणे हे नुसते वय नव्हे. तिथे डॉक्टर हवाच. अचानक बरळू लागले, तर त्याच दिवशी. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण आटोक्यात आणता येणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. कमी शिक्षण, बहिरेपण, उपचार न झालेली अधू नजर, रक्तदाब, मधुमेह त्यात आहेत. म्हणून आधी मोतीबिंदू, कान, बीपी, शुगर तपासून घ्या.

आणि आजीला एका वेळी एकच प्रश्न विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.