पाटी बदलल्यावर काय मोडते?

उस्मानाबाद शहर फेब्रुवारी २०२३ मध्ये धाराशिव झाले आणि सप्टेंबरात जिल्ह्याचेही नाव बदलले. मधल्या जुलैत मायक्रोसॉफ्टने ‘ॲझ्युर ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ला ‘एन्ट्रा आयडी’ म्हणायचे ठरवले. या दोन नामांतरांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण क्लाउडवर काम करणाऱ्या जिल्ह्यातल्या मंडळींसाठी तो एकाच विषयाचा दुहेरी धडा होता. एन्ट्राच्या वेळी टेनंट आयडी तेच राहिले, लॉगिनचा पत्ता तोच राहिला, एपीआयही तेच. बदलली ती वरची पाटी. आजही साइन-इन फसले की एररचा क्रमांक जुन्याच ‘एएडीएसटीएस’ अक्षरांनी सुरू होतो आणि त्यामुळे कुणाचे काही अडत नाही.

जिल्ह्यातही जे असेच बेतलेले होते, ते टिकले. गाड्यांवरचे एमएच-२५ आणि शहराचा ४१३५०१ हा पिन कोड यांत गावाचे नाव कुठेच नव्हते, म्हणून त्यांना हात लावावा लागला नाही. रेल्वेचे तसे नव्हते. स्थानकाचा ‘यूएमडी’ हा कोड उस्मानाबाद या नावावरूनच आलेला. तो ‘डीआरएसव्ही’ करण्यासाठी ३१ मे २०२५ च्या रात्री पावणेबारा ते दीड या वेळेत मुंबईची आरक्षण प्रणाली बंद ठेवावी लागली. रेल्वेने ते आधी जाहीर करून, गर्दी नसलेली वेळ निवडून केले. आपल्यापैकी किती जणांच्या प्रणालीला अशी नियोजित पावणेदोन तासांची सुट्टी पुरली असती?

काय कायम आणि काय बदलते हे प्रणाली उभारण्याआधी ठरवायचे असते. गोंधळ होतो तो यामुळे, की याचे उत्तर प्रत्येक थरात वेगळे आहे.

वापरकर्त्यांच्या ओळखीत नाव बेभरवशाचे आणि क्रमांक पक्का. तरीही डेटाबेसमध्ये ईमेल किंवा युजर प्रिन्सिपल नेम हीच प्राथमिक किल्ली ठेवण्याची सवय सर्रास दिसते. लग्नानंतर आडनाव बदलले किंवा संस्थेने डोमेन बदलले की प्रणालीच्या लेखी जुनी व्यक्ती नाहीशी होते आणि नवीच कुणी अवतरते. तो ईमेल पुढे दुसऱ्या कर्मचाऱ्याला मिळाला तर आधीच्याचे अधिकारही त्याच्याकडे जातात. डिस्कोप कंपनीच्या संशोधकांनी जून २०२३ मध्ये ‘एनओऑथ’ या नावाने दाखवून दिलेली त्रुटी याच जातीची होती. हल्लेखोर स्वतःच्या टेनंटमधल्या खात्याला दुसऱ्याचा ईमेल लावायचा आणि टोकनमधल्या ईमेलवर विश्वास ठेवणारे ॲप त्याला आत घ्यायचे. म्हणून टेनंट आयडी आणि ऑब्जेक्ट आयडी या जोडीवरच माणूस ओळखा. नाव आणि ईमेल पडद्यावर दाखवण्यापुरते ठेवा.

जिल्ह्याच्या ठिकाणी याला बदल्यांची जोड असते. पदाच्या नावाचे एकच खाते आणि चार्ज देताना पुढच्याच्या हाती सोपवलेला पासवर्ड, ही पद्धत कितीही सोयीची वाटली तरी कोणी काय केले हे लॉगमधून कधीच कळत नाही. खाते माणसाचे असावे, अधिकार पदाच्या ग्रुपला द्यावेत. बदलीचा आदेश निघाला की एक माणूस ग्रुपमधून काढायचा आणि दुसरा घालायचा, एवढेच काम उरते.

नेटवर्कमध्ये हे गणित उलटते. तिथे क्रमांक बदलतो, नावावर विसंबायचे असते. ॲप सर्व्हिसचा प्लॅन वरच्या श्रेणीत नेला की ॲपचे बाहेर जाणारे आयपी पत्ते बदलू शकतात. ते पेमेंट गेटवेच्या फायरवॉलमध्ये नोंदवलेले असतील तर रविवारी वाढवलेली क्षमता सोमवारी भरणा बंद पाडते. बाहेर जाणारा पत्ता कायम हवा असेल तर व्हीनेट इंटिग्रेशनसोबत नॅट गेटवे लावावा. मात्र व्हीनेट इंटिग्रेशन फक्त बाहेर जाणाऱ्या रहदारीसाठी आहे. आत येणारी वाट खाजगी करायची तर प्रायव्हेट एंडपॉइंट लागतो आणि त्याच्याबरोबर प्रायव्हेट डीएनएस झोनही. झोन विसरलात तर नाव सार्वजनिक पत्त्याकडेच नेते, सार्वजनिक प्रवेश बंद असल्याने ४०३ येतो आणि दिवसभर दोष ॲपला दिला जातो.

या थरात एकच गोष्ट दगडावरची रेघ समजून ठरवावी, ती म्हणजे पत्त्यांची विभागणी. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठही तालुक्यांतल्या शाखांत राउटर खोक्यातून निघाला तसाच १९२.१६८.१.० वर चालू असेल, तर व्हीपीएनने त्या जोडताना कोणती शाखा कोणती हेच ठरत नाही. एकमेकांवर चढलेल्या पत्त्यांचे दोन व्हीनेट पीअरिंगने जोडताच येत नाहीत. प्रत्येक तालुक्याला आधीच वेगळा पट्टा द्या आणि सबनेट चिंचोळा ठेवू नका. ॲझ्युर प्रत्येक सबनेटमधले पाच पत्ते स्वतःकडे ठेवते, त्यामुळे सोळाच्या सबनेटमध्ये हाती अकराच उरतात. त्यात प्लॅन वर-खाली करताना ॲप सर्व्हिसला काही काळ दुप्पट पत्ते लागतात.

होस्टिंगमध्ये तर एका नावाला बदल नाही आणि दुसरे कधीही बदलू शकते. ॲप सर्व्हिसवरच्या ॲपला तयार करताना दिलेले नाव नंतर बदलता येत नाही. त्यात ‘उस्मानाबाद’ घातले असेल तर ते तसेच ठेवा, नाहीतर नवे ॲप उभारा. नवे उभारलेत तर जुन्याची सिस्टम-असाइन्ड मॅनेज्ड आयडेंटिटी जुन्या ॲपबरोबरच जाते, म्हणजे की व्हॉल्ट आणि डेटाबेसचे सगळे अधिकार पुन्हा देणे आले. आधीच यूजर-असाइन्ड आयडेंटिटी वापरली असती तर ती नव्या ॲपला जोडून काम झाले असते. प्रदेशही आधीच विचार करून निवडावा. ॲझ्युरचा ‘सेंट्रल इंडिया’ हा प्रदेश नावावरून मध्य प्रदेशात वाटला तरी पुण्यात आहे, आणि धाराशिवच्या ग्राहकाला ॲझ्युरचा तोच सर्वांत जवळचा.

लोकांना दिसणारे डोमेन मात्र बदलणारच असे गृहीत धरा. बदलाच्या काही दिवस आधी डीएनएसचा टीटीएल खाली आणा. नवा पत्ता ॲप रजिस्ट्रेशनच्या रीडायरेक्ट यूआरआयमध्ये अक्षर न् अक्षर नोंदवा, नाहीतर पहिल्याच लॉगिनला ५००११ ही एरर समोर येईल. जुन्या डोमेनवरून ३०१ लावा आणि जुन्या नावाचे प्रमाणपत्रही चालू ठेवा, कारण ब्राउझर रीडायरेक्ट वाचण्याआधी प्रमाणपत्र तपासतो. जुने ॲप काढण्यापूर्वी त्याच्याकडे बोट दाखवणारी सीनेम नोंद पुसा, नाहीतर ते मोकळे नाव दुसरा कुणी घेऊन तुमच्या डोमेनवर स्वतःचे पान दाखवू शकतो. जुन्या डोमेनचे नूतनीकरण कित्येक वर्षे करत राहा. ते दुसऱ्याने विकत घेतले तर त्या डोमेनच्या ईमेलवर येणारे पासवर्ड बदलण्याचे दुवेही त्याच्याच हाती पडतील.

एक इशारा उत्साही मंडळींना. संपूर्ण डेटाबेसमध्ये जुना शब्द शोधून नवा घालण्याची क्वेरी चालवू नका. तशी चालवलीत तर पशुसंवर्धनाच्या नोंदींतली उस्मानाबादी शेळी एका रात्रीत धाराशिवी होईल आणि २०११ च्या जनगणनेचा हवाला असलेले दस्तऐवज खोटे ठरतील. जिल्ह्याची नोंद कोडने ठेवा, नावासोबत ते कोणत्या तारखेपासून लागू हे लिहा आणि त्या काळच्या कागदावर त्या काळचे नाव राहू द्या.

धाराशिवबरोबर छत्रपती संभाजीनगरचे नाव बदलले, २०२४ मध्ये अहिल्यानगरचे. ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती होतात, पतसंस्था एकमेकींत विलीन होतात, संस्था डोमेन बदलतात. म्हणून आमची सूचना आहे की बॅकअप परत आणण्याचा सराव करतो तसा नामांतराचाही करावा. चाचणी वातावरणात डोमेन बदला, एका वापरकर्त्याचा ईमेल बदला, ॲप नव्या नावाने पुन्हा उभारा आणि काय मोडते त्याची यादी करा. ग्राहकाला प्रणाली सोपवताना ती यादी कागदपत्रांना जोडा. कामाचा मोबदला ठरवताना या सरावाचे तास वेगळे दाखवायलाही संकोचू नका.