पुतळ्यालाही टायटल ब्लॉक हवा!

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात एसटीने शिरा. स्टँडच्या आधी एक चौक लागतो आणि चौकात काहीतरी उभं असतं. समुद्र शंभर कोस लांब, तरी सिमेंटचा डॉल्फिन उडी मारतोय! कुठे फायबरचा बैल, कुठे कारंज्यात पाय बुडवलेले बगळे (पाणी अर्थातच बंद), कुठे पृथ्वीचा गोल आणि त्यात खोचलेलं भलंमोठं पेन. हॉस्टेलची गँग ट्रिपला निघाली की असल्या पुतळ्यांची टर उडवणं हा ठरलेला टाईमपास. सिमेंटचा सिंह दिसला की कुणाला तरी रेक्टर आठवतातच. (सर, हलकेच घ्या!)

हसायला काहीच हरकत नाही. पण मित्रांनो, विचित्र दिसणं हा काही पुतळ्याचा गुन्हा नाही. उलट जे विचित्र असतं तेच लोक लक्षात ठेवतात आणि आपलं म्हणतात.

मुंबईचा काळा घोडा घ्या. मूळ पुतळा होता इंग्लंडच्या युवराजाचा, म्हणजे पुढे जो सातवा एडवर्ड राजा झाला त्याचा. पण लोकांनी युवराजाला बाजूला सारलं आणि नाव दिलं ते घोड्याचं. १९६५ साली पुतळा तिथून हलवला, तरी नाव हललं नाही. शेवटी २०१७ साली त्या भागात नवा घोडा बसवला, तोही स्वाराशिवाय! मूळ पुतळा आपल्याच लाईनवर, भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. भायखळ्यालाच ‘खडा पारशी’ आहे. उंच खांबावर शेठ करसेटजी माणकजी उभे, खाली चार मत्स्यकन्या आणि आता दोन्ही बाजूंनी फ्लायओव्हर. शेठजींचं नाव किती जणांना ठाऊक आहे? पण ‘खडा पारशी’ म्हटलं की टॅक्सीवाला बरोबर नेऊन सोडतो.

लांब कशाला, आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात या. परीक्षेच्या आधी आपण सगळे जातो, वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात नमस्कार करतो, वालधुनीच्या वासाने नाकाला रुमाल लावतो आणि परत फिरतो. बाहेरच्या भिंतीकडे कितीजण बघतात? तिथे तीन तोंडांचा देव आहे, त्याच्या मांडीवर स्त्री बसली आहे. नाचणाऱ्या बायका आहेत, हत्ती आहेत, डोळे वटारलेली कीर्तिमुखं आहेत. हेच सगळं सिमेंटमध्ये करून चौकात ठेवलं असतं तर आपण नक्की खिदळलो असतो. काळ्या पाषाणात आहे आणि साडेनऊशे वर्षं जुनं आहे, म्हणून आपण त्याला ‘हेरिटेज’ म्हणतो.

आता मुद्द्याचं बोलतो. मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्यात शिलाहार राजा मम्मुणीचं नाव आहे, त्याच्या मंत्र्यांची नावं आहेत. तीन तोंडांचा देव कुणाच्या छिन्नीने कोरला, ते मात्र लिहिलेलं नाही. आणि आजच्या चौकातली संगमरवरी पाटी वाचा. कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या निधीतून, प्रमुख उपस्थिती कुणाची... सगळं असतं. घडवला कुणी, हे बहुतेक ठिकाणी नसतंच. साडेनऊशे वर्षांत आपली एवढीच प्रगती!

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी ड्रॉइंगच्या शीट्स घातल्या आहेत. कोपऱ्यात टायटल ब्लॉक नसेल तर सर शीट बघतसुद्धा नाहीत. काढलं कुणी, तपासलं कुणी, तारीख काय. साध्या बोल्टच्या ड्रॉइंगला हा नियम आहे आणि लोकांच्या डोक्यावर उभ्या केलेल्या काही टनांच्या पुतळ्याला नाही?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा आठवा. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. उद्घाटनाच्या दिवशी शिल्पकार कोण, आतल्या सांगाड्याचं डिझाइन कुणाचं, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत होतं? पडल्यावर मात्र घराघरात चर्चा झाली. पडण्याच्या काही दिवस आधीच नटबोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याकडून गेलं होतं. म्हणजे एका इंजिनिअरने बघितलं होतं, लिहिलंही होतं! २०२५ च्या मे महिन्यात तिथे ६० फुटी नवा पुतळा उभा राहिला. या वेळी राम सुतार यांचं नाव काम सुरू होतानाच सगळ्यांना माहीत होतं.

कुणी म्हणेल, पाटीवर नाव कोरल्याने बोल्ट गंजायचा थांबतो का? नाही थांबत. पण नाव असलं की विचारायला माणूस सापडतो, आणि आपलं नाव कायम तिथे राहणार म्हटल्यावर करणाऱ्याचाही हात जरा सांभाळून चालतो. चांगलं काम केलं तर शाबासकीही त्यालाच मिळते. आज शाबासकी फीत कापणाऱ्याला मिळते आणि शिव्या तेवढ्या मूर्तिकाराला.

नुसतं लेक्चर देऊन थांबत नाही, एक काम सुचवतो. १८६८ च्या सुमारास मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी आपल्या शिवमंदिरात आले होते. त्यांनी मोजमापं घेतली, चित्रं काढली, शिल्पांचे साचे घेतले. तेव्हा ना डिजिटल कॅमेरा होता, ना मोबाईल. आपल्याकडे दोन्ही आहे, वर एनएसएसचे तासही भरायचे असतात! उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत चौकाचौकातल्या प्रत्येक पुतळ्याची, डॉल्फिनची, बैलाची नोंद करूया. कुणी घडवला, कोणत्या साली, कशाचा आहे, चौथऱ्याला तडा आहे का, लोखंड उघडं पडलंय का. घडवणारे अजून गावातच असतील, त्यांना जाऊन भेटूया. ती यादी नगरपालिकेला देऊया आणि एक प्रत लायब्ररीत ठेवूया.

मग खुशाल हसा. पण हसण्याआधी डॉल्फिनच्या पायथ्याशी वाकून नाव शोधा. नाव नसेल, तर ते शोधून लिहायचं काम आपलं.