अनोळखी उपकरणाची ओळख

कार्तिक शुद्ध पंचमी म्हणजे ज्ञानपंचमी. व्यापारी कुटुंबांत हाच दिवस लाभपंचमीचाही. दिवाळीतील वहीपूजनानंतर याच मुहूर्तावर पेढीचे व्यवहार पुन्हा सुरू होतात. आता वहीच्या शेजारी संगणकही पूजेला मांडला जातो आणि त्याच्यावरही कुंकवाचे बोट उमटते. तथापि वही आणि संगणक यांत एक मोठा भेद आहे. वही उघडली की लिहिता येते. संगणक उघडला तरी त्याला जोडलेली यंत्रे त्याच्याशी बोलतीलच, असा नेम नसतो.

जळगावच्या दाणाबाजारातील एखाद्या पेढीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून दिवाळीपूर्वी विंडोज ११ असलेला नवा संगणक घेतला आहे. हिशेबाचा सारा विदा सुखरूप उतरवला आहे. पंचमीला पहिली आवक येते. मक्याची पोती काट्यावर चढतात, काट्याच्या दर्शकावर वजन उमटते. पण संगणकाच्या पडद्यावरची वजनाची चौकट रिकामीच राहते. काटा आणि संगणक यांची ओळखच तुटलेली असते.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, काटा जुना झाला, नवा घ्या. दुसरा, अमुक ठिकाणाहून ड्रायव्हर उतरवा, सगळे आपोआप होईल. तोवर काम खोळंबू नये म्हणून मुनीमजी वजन हातानेच टंकू लागतात. घाईत ६३.४० च्या जागी ३६.४० पडले, तर एका पोत्यामागे २७ किलोंचा फरक पडतो. मुनीमजींच्या मनात काही वाकडे नसते, पण नुकसान शेतकऱ्याचे होते. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापातोलातील कमीजास्तपणा, हा एक आहे. तेव्हा तुटलेली ही ओळख केवळ तंत्रज्ञाची बाब राहत नाही. ती पेढीच्या तोलाची बाब होते.

या अडचणीतून बाहेर पडण्याची वाटही त्याच ग्रंथाने दाखवलेल्या क्रमात सापडते. मतिज्ञानाच्या चार पायऱ्या तेथे सांगितल्या आहेत: अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. समोर काहीतरी आहे एवढीच प्रथम जाणीव होणे हा अवग्रह. ते नेमके काय असावे, असा शोध घेणे ही ईहा. ते हेच आहे, असा निश्चय होणे हा अवाय. झालेले ज्ञान टिकवून ठेवणे ही धारणा. अनोळखी यंत्रभाग ओळखण्याची रीत याहून वेगळी नाही. पुष्कळांचा खर्च वाढतो तो अवग्रहानंतर ईहा न करता थेट दुकान गाठल्यामुळे.

अवग्रह संगणक स्वतःच करतो. स्टार्टच्या खुणेवर उजवी टिचकी दिली की डिव्हाइस मॅनेजर हे नाव दिसते. ते उघडल्यावर जोडलेल्या सर्व भागांची यादी येते. ज्याचा ड्रायव्हर सापडलेला नाही, तो भाग ‘अदर डिव्हाइसेस’ या शीर्षकाखाली पिवळ्या त्रिकोणासह बसलेला असतो. कधी त्याचे नाव नुसते ‘अननोन डिव्हाइस’ असते. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाषी. दुभाषी नसला म्हणून यंत्र मुके ठरत नाही. त्या ओळीवर दोनदा टिचकी दिली की स्थितीचा क्रमांक दिसतो. २८ हा क्रमांक ड्रायव्हर बसवलेलाच नाही असे सांगतो. १० हा क्रमांक उपकरण सुरू होऊ शकत नाही असे सांगतो, तर ४३ हा क्रमांक उपकरणाने दोष कळवल्यामुळे ते थांबवले आहे असे सांगतो. २८ पाहून यंत्र फेकणे म्हणजे पाहुण्याची भाषा कळली नाही म्हणून त्याला आजारी ठरवणे होय.

त्यानंतर ईहा. त्याच चौकटीत ‘डिटेल्स’ या पानावर जावे आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. तेथे त्या भागाचे कुलनाम आणि नाव अंकाक्षरांत लिहिलेले असते. संगणकाच्या आत बसवलेल्या भागांत ‘व्हेन’ या खुणेपुढे उत्पादकाचा चार चिन्हांचा क्रमांक येतो आणि ‘डेव्ह’ या खुणेपुढे वस्तूचा. यूएसबीने जोडलेल्या वस्तूंत याच दोन खुणा ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ अशा दिसतात. हे उत्पादक-क्रमांक कोणी मनाने ठरवत नाही. त्या त्या जोडणीचे मानक सांभाळणाऱ्या जागतिक संस्था ते देतात. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे; १९७८ साली आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रक्रियकाचे नावही तेच. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई, तर रिअलटेकचा १०ईसी. हा क्रमांक जसाच्या तसा उतरवून शोधला की वस्तूचे घराणे कळते. उपकरण अनोळखी असते ते आपल्याला. स्वतःचे नाव त्याने अंगावर बाळगलेलेच असते.

जळगावच्या त्या पेढीवर शिकणारा पुतण्या असेल तर तो इतके सहज करू शकतो. त्याला दिसते की काट्यामागून आलेली नऊ टाचण्यांची जुनी सिरियल जोडणी एका लहान केबलने यूएसबीत बदललेली आहे आणि त्या केबलचा क्रमांक आहे व्हीआयडी ०६७बी, पीआयडी २३०३. हे घराणे तैवानच्या प्रोलिफिक कंपनीचे. ‘काकाजी, काटा ठीक आहे. अडले आहे ते केबलमध्ये,’ असे तो सांगू शकतो. ईहा संपून अवायाची सुरुवात झाली ती येथे.

पुढचा उलगडा अधिक बोधप्रद आहे. विंडोज ११ ने प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर आपोआप बसवला, की काही केबलींच्या बाबतीत यादीत उपकरणाच्या नावाऐवजी एक सूचना उमटते: ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा. या कंपनीच्या पीएल२३०३ मालिकेतील जुन्या चिपांच्या नकला बाजारात फार झाल्या होत्या. त्यामुळे कंपनीने नव्या ड्रायव्हरमधून त्या जुन्या चिपांचा आधारच काढून घेतला. त्यात नकली चिपा अडल्या आणि जुन्या अस्सलही अडल्या. स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीने तर ऑक्टोबर २०१४ मध्ये असा ड्रायव्हर विंडोज अपडेटमार्फत पोहोचवला, की नकली चिप आढळल्यास तिचा पीआयडी पुसून शून्य केला जाई. ते उपकरण मग साध्या रीतीने ओळखताच येत नसे. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

येथे अचौर्य व्रताचा आणखी एक अतिचार आठवतो: प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणे. ज्याने नकळत स्वस्त केबल घेतली त्याच्या माथी तो दोष मारणे योग्य नाही. परंतु नकलेची किंमत शेवटी कोण मोजतो, हे यातून दिसते. चिप नकली करणारा कोठेतरी दूर असतो. वजनाची चौकट रिकामी राहते ती जळगावात, आणि पोते घेऊन ताटकळतो तो शेतकरी.

जुना ड्रायव्हर शोधून बसवण्याची युक्ती काहीजण करतात. ती काही दिवस चालते, पण पुढच्या अद्ययावतीकरणात नवा ड्रायव्हर परत येऊ शकतो. त्यापेक्षा चालू चिपची, पावतीसह घेतलेली नवी केबल परवडते. तिला काही शे रुपये पडतील. नव्या काट्याला त्याहून कितीतरी अधिक. केबल बदलल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. नव्या केबलला संगणक नवा ‘कॉम’ क्रमांक देतो. बिलाच्या प्रणालीत तोच क्रमांक भरावा. संदेशाची गती काट्याच्या पुस्तिकेत दिली असेल तीच ठेवावी. काट्यावरील वैधमापन विभागाच्या मुद्रेला मात्र या कामात कोणीही हात लावू नये. केबल बदलण्यासाठी ती तोडण्याचे काहीच कारण नाही. शेवटी प्रमाणित वजन काट्यावर ठेवून दर्शकावरचा आणि पडद्यावरचा आकडा एकच येतो ना, हे ताडून पाहावे. मगच पहिले बिल फाडावे.

हीच रीत दुसऱ्या प्रसंगी कशी उपयोगी पडते, हे धुळ्याच्या शाखेच्या चित्रावरून समजेल. समजा, आग्रा रोडवरील दुकानातील लॅपटॉपवर विंडोज नव्याने बसवले आणि यादीत चार पिवळे त्रिकोण उमटले. पाहणारा घाबरतो. पण क्रमांक वाचले की भय ओसरते. ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’ हे बहुधा इंटेलचे व्यवस्थापन-घटक असते. ‘एसएम बस कंट्रोलर’ मुख्य पाटीच्या चिपसेटचा भाग असतो. ‘बेस सिस्टिम डिव्हाइस’ पुष्कळदा मेमरी कार्ड वाचणारी खाच निघते. डेलच्या काही लॅपटॉपांत ‘अननोन डिव्हाइस’ म्हणून जे दिसते त्याचा क्रमांक एसएमओ८८०० असतो. तो लॅपटॉप पडत असल्याचे ओळखणारा संवेदक आहे. यांतील एकही बिल छापण्याच्या आड येत नाही. चारही दुरुस्त करावेत, पण दुकान बंद ठेवून नव्हे.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. प्रथम विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांतील ऐच्छिक अद्यतने पाहावीत. पुष्कळ ड्रायव्हर तेथेच मिळतात. नंतर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावर, पाठीवरचा अनुक्रमांक घालून शोधावे. तेथे नसेल तर चिप बनवणाऱ्या कंपनीकडे जावे. चिपसेटचा ड्रायव्हर आधी बसवावा, मग बाकीचे. नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल आणि म्हणून काही उतरवता येत नसेल, तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरावे. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. म्हणून जुन्या तबकडीवरील ३२ बिटांचा ड्रायव्हर त्यावर चालत नाही, कितीही वेळा बसवला तरी.

एक दार मात्र कटाक्षाने बंद ठेवावे. सगळे ड्रायव्हर एका टिचकीत शोधून देतो असे सांगणाऱ्या अनोळखी साधनांना पेढीच्या संगणकावर थारा देऊ नये. ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात शिरतो. त्याला जे अधिकार मिळतात ते साध्या कार्यक्रमाला मिळत नाहीत. त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार असतात, जीएसटीची विवरणे असतात, डिजिटल सहीचे टोकन लावलेले असते. प्रतिविषाणू प्रणाली आधी बंद करा असे जो सांगतो, तो दुभाषी नव्हे. तिजोरीची किल्ली कोणी रस्त्यावरच्या माणसाकडे सांभाळायला देत नाही. ही किल्लीही तितकीच मोलाची आहे.

राहिली धारणा. ओळख पटली, काम झाले आणि ते कोणीच लिहून ठेवले नाही, तर पुढच्या वर्षी तोच शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. तेव्हा पेढीच्या वहीत दोन पाने यंत्रांसाठी राखावीत. प्रत्येक यंत्राचे नाव, अनुक्रमांक, व्हीआयडी आणि पीआयडी, ड्रायव्हर कोठून घेतला, कॉम क्रमांक कोणता, केबल कधी आणि कोणत्या पावतीने घेतली, एवढे पुरे. ड्रायव्हरच्या मूळ प्रती एका पेनड्राइव्हवर ठेवून तो वहीसोबतच जपावा. संगणक बंद पडला तरी वाचता येते ती वहीच; म्हणून संगणकाची ओळख वहीत असावी. असे पान जळगावच्या पेढीत असेल, तर धुळ्याच्या शाखेत तशीच केबल अडल्यावर एका फोनवर काम होते.

आजोबांच्या पिढीला प्रत्येक अडत्याचे नाव, गाव आणि घराणे पाठ असे. अपरिचित माणूस पेढीवर आला की आधी पाणी, मग नाव-गाव, आणि त्यानंतरच व्यवहार, अशी रीत होती. कोणालाही ओळख न विचारता हाकलले जात नसे, आणि ओळख पटल्याशिवाय तिजोरीजवळ नेलेही जात नसे. पिवळ्या त्रिकोणासह दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी उपकरणालाही हाच न्याय लागू आहे. त्याचे नाव आधी विचारावे.

यंदाच्या ज्ञानपंचमीला वहीचे ते पहिले पान लिहून ठेवता येईल. जय जिनेंद्र.